न वाजलेले तीन टोल

आमच्या रोक्कामेंदोलात नगराध्यक्ष म्हणजे औषधाच्या दुकानाचा मालक, नाहीतर वकील, नाहीतर वकिलाचा जावई. नगरपालिकेच्या जिन्यात त्यांचे फोटो लावलेत एका रांगेत, सगळ्यांच्या मिशा सारख्या. मिम्मा झांगारी निवडून आली तेव्हा त्या रांगेत पहिल्यांदा बिनमिशीचा फोटो लागला. बिआजो पाववाला म्हणाला, "नीट बघा रे, तिलाही थोडी आहे." मिम्मा मागंच उभी होती. म्हणाली, "तुझ्यापेक्षा दाट आहे बिआजो, म्हणून तर मी निवडणुकीला उभी राहिले आणि तू अजून पाव भाजतोस."

अशी बाई.

मिम्मा खालच्या आळीची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिची आई समुद्राकडच्या मळ्यात चमेली तोडायला जायची. अत्तरवाल्यांना ती फुलं उजाडायच्या आत तोडलेली लागायची, ऊन लागलं की वास उडतो. बायका अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखलात, कमरेला टोपली. मिम्मा सहाव्या वर्षापासून त्या टोपलीला हात लावून होती. मग वजनकाट्यापाशी मुकादम म्हणायचा, फुलं दवानं ओली आहेत, आणि वजन कापायचा. रोज. दव काय बायकांनी घरून आणलेलं का? पण बोलणार कोण.

मिम्मा चौदा वर्षांची असताना बोलली. बोलली म्हणजे काय, टोपली खाली ठेवली आणि काट्यावर जाऊन बसली. मांडी घालून. मुकादमाला म्हणाली, "आता मला तोला. मीपण दवानं भिजलेय. माझंपण वजन कापा, बघू कुठनं कापता." मुकादमानं थोबाडीत मारली, पुढचा अर्धा दात तुटला. पण ती काही काट्यावरनं उठली नाही. मग तिची आई शेजारी बसली, मग आणखी दोघी, मग सगळ्या. तीन दिवस फुलं झाडावरच राहिली. सगळ्या किनाऱ्यावर तो वास असा सुटला होता की डोकं दुखायचं. चौथ्या दिवशी मुकादमानं दवाचं नाव काढणं बंद केलं.

पुढं ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. बावीस वर्षं. गावातला तरणा माणूस दाखवा ज्यानं तिच्या हातचा पास्ता खाल्ला नाही. आणि ज्याच्यावर ती ओरडली नाही असाही दाखवा. त्यामुळं झालं असं की सरकारनं नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतानं निवडायचा कायदा आणला, आणि गावातल्या बड्या बागायतदारानं, डॉन तानोनं, नेहमीप्रमाणं वकिलाला उभं केलं, तेव्हा मिम्मा ॲप्रन न काढताच जाऊन अर्ज भरून आली. वकिलानं भाषणं केली. तिनं भाषण केलं नाही. दारोदार गेली आणि विचारलं, "तुमच्या पोराला मी कधी उपाशी ठेवलंय?"

निवडून आल्यावर पहिलं काम काय केलं, तर नगराध्यक्षाचं टेबल वरच्या मजल्यावरनं खाली आणलं, दाराजवळ. मीच उचललं ते, बिआजो आणि मी. काय जड होतं! ती म्हणाली, "म्हातारी माणसं एका कागदासाठी चाळीस पायऱ्या चढतात आणि वर गेल्यावर साहेब जेवायला गेलेले असतात. मी इथं बसणार. जेवणार पण इथंच, लोकांच्या समोर." आणि खरंच जेवायची. कुणी मृत्यूचा दाखला मागायला आलं तर आधी बसवायची, अर्धा पाव पुढं सरकवायची आणि मग कागद काढायची.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं त्या पाण्यावरच आलं.

गावाच्या वरच्या अंगाला झरा आहे. बारमाही, गार. पण आम्हाला नळाला पाणी तिसऱ्या दिवशी, तेही दोन तास. कारण झऱ्याच्या तोंडाशी डॉन तानोच्या बापानं भिंत घातली आणि पाणी वळवलं आपल्या बर्गामोटच्या बागांकडं. त्या लिंबासारख्या फळाच्या सालीचं तेल निघतं, लांब लांब जातं. भिंतीतून एक बोटभर नळी गावाकडं सोडली, तीपण उपकार म्हणून. ती भिंत बांधली कुणी? माझ्या बापानं. चांगली बांधली, हे मला सांगायला लाज वाटते, पण चांगलीच बांधली. पन्नास वर्षांत एक दगड हलला नाही.

मिम्मानं नगरपालिकेच्या कपाटात धुंडाळून जुना नकाशा काढला. झरा गावाचा. शिक्का, सही, सगळं. जिल्ह्याच्या इंजिनियरकडं सतरा वेळा गेली बसनं, आणि अठराव्या वेळी त्यानं कंटाळून हुकूम दिला: भिंत पाडावी, पाणी गावाच्या टाकीत घ्यावं. तारीख पडली, सान वितोच्या जत्रेनंतरचा सोमवार.

पण भिंत पाडणार कोण? हुकूम काय, कागद. कागदानं दगड निघत नाही. शेजारच्या गावातल्या दोन गवंड्यांनी आधी हो म्हटलं, मग एकाची पाठ दुखायला लागली आणि दुसऱ्याची आत्या वारली. पोलीस म्हणाले, काही घडलं तर आम्ही येऊ. आधी नाही येणार, घडलं तर. मग ती माझ्याकडं आली.

मी अंगणात सिमेंट कालवत होतो. ती उलट्या बादलीवर बसली.

"मिस्त्री, सोमवारी याल का?"

"जत्रा होऊ दे मिम्मे. मग बघू."

"जत्रेतच बघायचंय," ती म्हणाली. "जत्रेत तुम्ही तीन टोल वाजवलेत ना, तर सोमवारी कुणी येणार नाही. तुम्हीसुद्धा येणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. म्हणूनच मी फावडं जरा जोरात मारत होतो.

हे टोलांचं असं आहे. सान वितो हा संत, आमचा गावदेव म्हणा. पंधरा जूनला त्याची मूर्ती देवळातून निघते. लाकडाची, माणसाहून उंच, पायाशी दोन कुत्री. चोवीस खांदेकरी चार दांड्यांखाली. खाली वाकलेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही, पुढच्याची मान तेवढी दिसते. म्हणून पुढं एक माणूस चालतो उलटा, तोंड मूर्तीकडं करून, हातात घंटी घेऊन. एक टोल, उचला आणि चाला. दोन टोल, थांबा. तीन टोल, वाका. पुढच्या रांगेनं गुडघे टेकायचे, म्हणजे मूर्ती पुढं झुकते. ती घंटी माझ्या हातात गेली एकोणीस वर्षं. त्याआधी बापाच्या.

मूर्ती वर्षातनं दोनच ठिकाणी वाकते. एक स्मशानाच्या फाटकाशी, गेलेल्यांसाठी. आणि दुसरं डॉन तानोच्या दाराशी.

आता कुणी परका विचारील, का? आम्ही सांगायचो, उतारावरनं चढ लागतो तिथं, खांदेकऱ्यांना तहान लागते, डॉन तानोच्या घरचे गार पाणी देतात, लिंबू पिळून, काचेच्या मोठ्या जगांतून. माणसानं पाणी दिलं तर संत आभार मानणार नाही का? असं आम्ही सांगायचो. आणि डॉन तानो वर सज्ज्यात पांढरा सदरा घालून उभा, दोन बोटं कपाळाला लावायचा. संत वाकायचा आणि तो दोन बोटं लावायचा. सगळं गाव बघायचं. पुढं वर्षभर कुणाला काही समजावून सांगायची गरज पडायची नाही.

जत्रेच्या चार दिवस आधी त्याचा पुतण्या आला, रेनातो. गाडी माझ्या वाळूच्या ढिगावर चढवूनच उभी केली.

"काय मिस्त्री, तब्येत?"

"वाळूतनं गाडी काढ, मग सांगतो."

हसला तो. काढली नाही. म्हणाला, "खाली समुद्राकडं काका हॉटेल बांधतायत. तीन मजली. काका म्हणतात, दगडाचं काम चेंझो मिस्त्रीशिवाय कुणाला द्यायचं नाही. दोन वर्षं पुरेल."

"बरं."

"आणि रविवारी काका सज्ज्यात असतील. दरवर्षीसारखे."

"माहितीये की. तुझे काका जत्रेदिवशी दुसरीकडं कुठं असणार?"

"तेच म्हटलं," रेनातो म्हणाला. "घंटी वाजवणाऱ्याचा हात हलका असावा. जड झाला तर मोडतो."

गाडी मागं घेताना त्यानं माझी मिक्सरची बादली चिरडली. मुद्दाम नाही, असं दाखवलं.

माझी बायको, नुन्त्सिया, खिडकीतनं ऐकत होती. जेवायला बसलो तर ताट असं आदळलं की सूप माझ्या मांडीवर.

"काय म्हणत होता तो?"

"हॉटेलचं काम देतोय."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"अहो मिस्त्री, मी तीस वर्षं तिसऱ्या दिवशी कपडे धुतेय. बाळंतपणात तिसऱ्या दिवशी अंघोळ केली. तुमची आई गेली तेव्हा तिला न्हाऊ घालायला शेजारणीकडनं पाणी आणलं मी, उसनं. मेलेल्या बाईला उसनं पाणी! आणि तो माणूस तुम्हाला आपल्या दाराशी एक ग्लास लिंबूपाणी देतो आणि तुम्ही संताला वाकायला लावता."

"संतानं स्वतः काही तक्रार केली नाही."

"संत लाकडाचा आहे. तुम्ही कशाचे आहात?"

मी सूप पुसलं.

खरं सांगतो, रविवारपर्यंत माझं काहीच ठरलं नव्हतं. मी खांदेकऱ्यांना काही सांगितलं नाही, त्यांनी मला काही विचारलं नाही. पण प्रत्येक जण माझ्या हाताकडं बघत होता. देवळात मूर्तीखाली जाताना बिआजो हळूच म्हणाला, "मिस्त्री, आज घंटी कशी आहे?"

"पितळेची आहे. चल, खाली हो."

उन्हानं दगड तापलेले. बँड पुढं, मग मी उलटा, मग सान वितो, त्याच्या मागं पाद्रीबाबा, आणि पाद्रीबाबांच्या मागं मिम्मा. छातीवर हिरवा-पांढरा-लाल पट्टा. पट्टा नगराध्यक्षाचा, तो घालणारा गावाच्या वतीनं चालतो. तिनं काळा झगा घातला होता, शाळेतल्या प्रत्येक समारंभाला घालायची तो. पायात मात्र स्वयंपाकघरातले पांढरे सपाट बूट, चढ आहे म्हणून.

स्मशानाच्या फाटकाशी मी तीन टोल दिले. मूर्ती झुकली. बायका रडल्या. ते ठीक.

मग उतार, मग चढ. चढाला लागलो की डॉन तानोचं घर डाव्या हाताला येतं. तोपर्यंत खांदेकऱ्यांचा घाम दगडांवर टपटपत असतो. बँड सुद्धा तिथं आपोआप हळू होतो. मी उलटा चालत होतो, म्हणजे घर माझ्या पाठीमागं, मला दिसत नव्हतं. लोकांच्या तोंडांवर दिसत होतं. लोक वर बघत होते.

आणि तिथं, सांगतो, माझं ठरलं. फार मोठा विचार वगैरे काही नाही. मला आईचे पाय आठवले, धुतलेले, त्या उसन्या पाण्यानं. मी मनात म्हटलं, आज घंटी वाजणार नाही. दोनही नाही आणि तीनही नाही. सरळ पुढं.

मी घंटी छातीशी दाबून धरली, लोलक बोटांत, आणि मागं मागं चालत राहिलो.

आणि मूर्ती थांबली.

मी टोल दिला नव्हता! पण चोवीस माणसांचे पाय. एकोणीस वर्षं माझ्या घंटीवर, त्याआधी माझ्या बापाच्या घंटीवर, त्याच दगडावर थांबलेले पाय. त्यांना घंटी लागलीच नाही. काही काही खांदेकऱ्यांच्या बापांचे पायसुद्धा तिथंच थांबत आलेले. डाव्या रांगेतला एक जण तर गुडघा टेकायला लागला होता. मी ओरडलो, "कुणी वाकायचं नाही!" तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. त्याचं तोंड असं झालं, जसं चोरी करताना दिवा लागावा.

बँडवाल्यानं तोंडातनं भोंगा काढला.

दार उघडलं. डॉन तानोच्या दोन सुना जग घेऊन बाहेर आल्या, बर्फ खुळखुळत होता. वर सज्ज्यात तो. मी पहिल्यांदा मान वळवून वर बघितलं. म्हातारा झाला होता. दोन बोटं अर्ध्या वाटेवर उचललेली, कपाळापर्यंत गेलेली नव्हती. संताची वाट बघत होती.

खांदेकरी तहानेनं मेले होते. त्यांना दोष देत नाही. सगळ्यांच्या माना त्या जगांकडं. पाणी प्यायले तर वाकणं आलं, ते सगळ्यांना माहीत. आणि नाही प्यायले तर चढावर दोन-तीन जण कोसळणार, मूर्ती पडणार. मूर्ती पडली तर गाव म्हणणार, बघा, संताचा कोप. डॉन तानोनं काही करायची गरज नाही, ऊनच करणार होतं.

मग मिम्मा मागनं पुढं आली. पाद्रीबाबांना बाजूला सारून. नगराध्यक्षानं संताच्या पुढं यायचं नसतं, पद्धत नाही. ती आली. थोरल्या सुनेपुढं गेली आणि दोन्ही हात पुढं केले.

"दे पोरी."

सुनेनं वर बघितलं.

"वर काय बघतेस, जड आहे, दे इकडं."

आता मिम्मानं त्या सुरात मागितल्यावर तिला नाही म्हणणं गावात कुणाला जमलेलं नाही. सुनेनं जग दिला. मिम्मानं पहिला ग्लास भरला आणि मोठ्यानं बोलली. तशी ती शाळेत बोलायची, सत्तर पोरांच्या गोंगाटावरनं.

"बिआजो, हे पाणी कुठलं?"

बिआजो दांड्याखाली. "काय?"

"पाणी कुठलं विचारते. आकाशातनं पडलं? दुकानातनं आणलं?"

"झऱ्याचं," बिआजो म्हणाला.

"झरा कुणाचा?"

मूर्तीवरची एक पताका फडफडली तेवढीच.

"मला नकाशा काढायला लावू नका, पिशवीत आहे. झरा कुणाचा?"

"गावाचा," बिआजो म्हणाला. हळू.

"ऐकू आलं नाही."

"गावाचा!" आणि मग स्वतःच्याच आवाजानं तो दचकला.

"मग गावानं गावाचं पाणी प्यायला कुणाला वाकायचं कारण नाही. ताठ उभं राहा आणि प्या. तोंड पूस आधी." आणि तिनं ग्लास त्याच्या ओठाला लावला. एका हातात जग, एका हातात ग्लास, रांगेनं गेली, एकेकाला पाजत. पट्ट्यावर पाणी सांडत होतं. तिनं पुसलं नाही.

रेनातो दारातून पुढं आला. "मिम्माबाई, हे आमच्या घरचं पाणी आहे."

"रेनातो, तू पहिलीत असताना वाटाणे खिशात लपवून घरी न्यायचास. मी कधी म्हटलं का ते माझे वाटाणे? बाजूला हो, रांगेत लोक आहेत."

कुणीतरी हसलं. मागच्या रांगेत. मग आणखी कुणीतरी. डॉन तानोच्या दारात हसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. रेनातो लाल झाला, कानापर्यंत. त्यानं वर बघितलं, आणि वरनं आवाज आला. डॉन तानो कधी ओरडत नाही. त्याला गरज नसते.

"मिस्त्री. काहीतरी विसरलास."

माझ्या हातात घंटी. लोलक अजून बोटांतच. घामानं निसटत होता. सगळं गाव. नुन्त्सिया समोरच्या कोपऱ्यावर, हात कमरेवर. ती माझ्याकडं बघत नव्हती, मुद्दाम दुसरीकडं बघत होती, की बघा, मी काही सांगत नाही, तुमचं तुम्ही करा.

मी म्हटलं, "नाही डॉन तानो. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मला आठवतंय."

आणि एक टोल दिला. एकच. उचला आणि चाला.

एक क्षण काही झालं नाही. मी म्हटलं, गेलं. मग बिआजोनं 'हं' केलं, पोत्याखाली करतो तसं. दांडे हलले आणि सान वितो उठला. सरळ, ताठ, त्या सज्ज्यापुढनं निघाला, कुत्र्यांसकट. वर त्या दोन बोटांचं काय करायचं ते म्हाताऱ्याला सुचेना. शेवटी त्यानं हात कठड्यावर ठेवला.

बँडनं काय वाजवावं? त्यांनी लग्नाची चाल वाजवली. दुसरं काही पाठ नव्हतं त्यांना तेवढं वेगाचं.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण सोमवार राहिला होता.

सोमवारी सकाळी अंगणात गेलो तर माझा सिमेंटचा मिक्सर जळून काळा पडलेला. हातोडे, छिन्न्या, पहार, सगळं नेलेलं. लिंबाची दोन झाडं बुंध्यापासून कापलेली. ती बापानं लावली होती. मी तिथंच उभा राहिलो. नुन्त्सिया आली, बघितलं. आत गेली आणि मटण तोडायचा मोठा सुरा घेऊन आली.

"हा चालेल का?"

"दगडाला? वेडी आहेस का?"

"मग काय चालेल ते सांगा, शोधते. रिकाम्या हातानं जाऊ नका."

शेवटी शेजारच्या म्हातारीकडं तिच्या नवऱ्याची पहार मिळाली, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार टेकवायला वापरायची ती. कोंबड्या मोकळ्या झाल्या.

झऱ्यापाशी पोचलो तर मिम्मा आधीच तिथं, पट्टा घालून, बगलेत नगरपालिकेची मोठी वही. आणि वरच्या अंगाला रेनातोची गाडी. तो बॉनेटवर बसलेला, गॉगल लावून, सिगारेट ओढत.

"एकटेच?" मिम्मानं विचारलं.

"तू धरून दोन."

मी तिला मिक्सरचं सांगितलं. तिनं वर रेनातोकडं बघितलं. मग म्हणाली, "परत जायचं असेल तर मी काही म्हणणार नाही, मिस्त्री. खरंच."

"मग बरं झालं तू काही म्हणत नाहीस," मी म्हटलं, आणि पहार घातली बापानं घातलेल्या सांध्यात.

सांगतो, बाप माझा पक्का होता कामाला. काय बसवलेत दगड! अर्धा तास घाम गाळला आणि एक कोपरा निखळला. रेनातो वरनं टाळ्या वाजवतोय. "चालू द्या मिस्त्री, नाताळपर्यंत होईल."

मग वाटेवर आवाज आला. बिआजो, पिठानं पांढरा, भट्टीची लोखंडी सळई खांद्यावर. त्याच्यामागं आणखी. कुणाकडं कुदळ, कुणाकडं ट्रॅक्टरचा जॅक. तो डाव्या रांगेतला अर्धा वाकलेला, तोसुद्धा. चोवीस आले नाहीत, खोटं कशाला सांगू. अकरा आले.

अकरा माणसांना भिंत फार वेळ पुरली नाही. दुपारपर्यंत मधला दगड हलला, बाजूचे त्याच्यामागं गेले, आणि पाणी आलं. आधी लाल चिखल, मग पानं, एक मेलेली पाल, आणि मग स्वच्छ, मांडीइतकं जाड. जुन्या चरातनं खाली टाकीकडं धावलं. आम्ही भिजून बाजूला झालो.

रेनातो गाडीवरनं उतरला. खाली आला. आता हसत नव्हता. एकेकाकडं बोट केलं.

"मी सगळ्यांची तोंडं लक्षात ठेवलीत."

आमच्या गावात माणूस सगळं देतो, पण नाव देत नाही. पोलिसांनी विचारलं तर आम्ही घरात नव्हतो, दिसलं नाही, ऐकू येत नाही. असंच जगलो. मिम्मानं वही उघडली. पेन्सिल जिभेला लावली.

"बरं झालं आठवण केलीस, रेनातो. काम झाल्याचा कागद करायचाय जिल्ह्याला. काम कुणी केलं ते लिहावं लागतं." तिनं आमच्याकडं बघितलं. "नाव द्यायचं नसेल त्यानं आत्ता जावं. मी लिहीन, 'गावातले लोक.' तेवढंही चालतं."

कुणी हललं नाही.

मी पुढं झालो. "लिही. विन्चेंझो सुराचे. बापाचं नाव निकोला. ही भिंत त्यानं बांधली, हेपण लिही."

"ते कागदात बसत नाही."

"बसव."

तिनं लिहिलं. मग बिआजो. "बिआजो."

"पूर्ण."

"सगळ्यांना माहितीये मी कोण."

"जिल्ह्याला माहीत नाही."

"बिआजो मारिया प्रोकोपियो," तो म्हणाला, आणि आम्ही सगळे वळून बघितलं, कारण मारिया कुणालाच माहीत नव्हतं. "माझ्या आजीचं नाव होतं!" तो ओरडला. "हसा, हसा लेको!"

मग रांग लागली. प्रत्येक जण मिम्माकडं न बघता रेनातोकडं बघून सांगायला लागला. नाव, बापाचं नाव, घर कुठं ते. एकानं तर सांगितलं, "देवळामागं तिसरं दार, हिरवं, कडी आतनं नसते." शेवटचा तो अर्धा वाकलेला. मिम्मा थांबली. पेन्सिल धरून, घाई न करता. मग त्यानं सांगितलं, आणि पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्यानं.

रेनातो म्हणाला, "मी काकांना सांगतो."

"एवढी सगळी लक्षात राहतील का?" मिम्मानं वहीतनं कोरं पान फाडलं आणि पेन्सिलीसकट त्याच्यापुढं धरलं. "घे. मी सांगते, तू लिहून घे. हळूहळू सांगेन. मिस्त्रीपासून सुरू करू."